देसाईकाकूंची खिरापत

"भोपळा आणलाय गं!" ह्यांनी फाटकातूनच वर्दी दिली.

मी हातातली पोळी तव्यावर तशीच सोडून बाहेर धावले. "हळू बोला की! आज हादगा आपल्याकडे आहे आणि तुम्ही दवंडी पिटताय?"

"मग काय सदऱ्याखाली लपवून आणू?"

पिशवीला पोट आलं होतं आणि भोपळ्याचा देठ बाहेर डोकावत होता. मी ती ओढून घेतली, स्वयंपाकघराचं दार लावलं, खिडकीचा पडदाही ओढला. हे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. रसात साखर किती हे शोधून काढायचं आणि सगळ्यांना सांगायचं, हेच त्यांचं काम. लपवायचं काम त्यांना जन्मात जमलं नाही.

"वाटेत कुणी भेटलं का?"

"कॉलनीत माणसं राहतात, भेटणारच."

"पिशवीत काय आहे म्हणून कुणी विचारलं?"

"पोळी करपतेय," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

ही गोष्ट मुली लहान असतानाची, कऱ्हाडकडच्या एका कारखान्याच्या कॉलनीतली. हस्त नक्षत्र लागलं की आमच्याकडे हादगा बसायचा. रोज एका घरी. पाटावर हत्ती काढायचा, मुलींनी त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. खिरापत झाकलेल्या डब्यात. गोड की तिखट, ओली की कोरडी, असं विचारत मुली एकेक नाव घेत सुटायच्या. ओळखली तर मुली जिंकल्या, नाही ओळखली तर ते घर जिंकलं. खायला मात्र दोन्ही वेळा मुलींनाच मिळायचं, त्यामुळे हरण्यात त्यांचं काही जात नव्हतं. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

शेजारच्या घोरपडे वहिनींच्या घरची खिरापत फाटकातच ओळखू यायची. दरवर्षी शिरा. मुली पहिलं गाणंही न म्हणता "शिरा! शिरा!" करून ओरडायच्या आणि वहिनी पदराला हात पुसत हसायच्या. "वळखलं तर वळखलं, बया! गरम हाय तवर खावा." ना लाज, ना खंत. मला त्यांची कीव यायची.

माझी खिरापत मात्र कॉलनीत कधी कुणाला ओळखता आली नव्हती. मी हे लोकांना आपणहून सांगत नसे. कुणी विचारलं तरच सांगे, आणि कुणी विचारावं अशी वेळ आणत असे. त्यासाठी मी कष्टही तसेच घ्यायची. खिरापतीच्या आदल्या दिवशी मोठ्या मृणालला मुद्दाम भलत्याच जिनसा आणायला पाठवायची. गोड करायचं असलं की डाळं आणि पोहे आणवायची, म्हणजे बाईसाहेब मैत्रिणींना सांगणार, उद्या चिवडा. डब्यात पदार्थाबरोबर दोन सुपाऱ्या टाकायची, म्हणजे हलवून पाहिलं तर लाडवांसारखा आवाज यावा. तळणीचा वास जावा म्हणून उदबत्त्या लावायची. एवढी अक्कल मी इतर कुठे लावली असती तर कारखान्याची चेअरमन झाले असते, असं हे म्हणायचे. म्हणोत.

खरं सांगायचं तर मला जिंकायची गरजच होती. मृणाल त्या वर्षी सहावीत गेली होती आणि सहावीत गेलेल्या मुलीला जगातलं सगळं कळतं. चौथीपर्यंत गणितात मी तिच्या पुढे होते, पाचवीत आम्ही बरोबरीत आलो, सहावीत ती म्हणाली, "राहू दे आई, मी बाबांना विचारते." शाळेत पालकसभेला निघाले तर, "ती हिरवी साडी नको ना नेसूस. आणि बाईंशी जास्त बोलू नकोस." जिला बोलायला मी शिकवलं ती मला गप्प बसायला शिकवत होती. सगळीकडे ती माझ्या पुढे निघून गेली होती. एक झाकलेला डबा तेवढा राहिला होता, ज्याच्यापुढे तिला "हरले" म्हणावं लागायचं. तो शब्द ऐकायला मी वर्षभर थांबायची.

धाकटी रेवती पहिलीत होती आणि अजून सगळी माझी होती. पोटात आलं की ओठावर. घरी आलेल्या पाहुण्याला "आई म्हणाली तुम्ही कधी जाणार?" असं विचारणारी. त्या वर्षी ती पहिल्यांदाच फेरात उभी राहणार होती. म्हणून दुपारी मी तिला घोरपडे वहिनींकडे पाठवून दिलं आणि दार लावून घारगे तळले. भोपळा किसून, गुळात शिजवून, मळून, थापून. एकीकडे घाम पुसत होते, दुसरीकडे मनात हसत होते. घारगे! एवढ्या वर्षांत कॉलनीत कुणी हादग्याला घारगे केलेच नव्हते.

संध्याकाळी अंगण मुलींनी भरलं. मृणालची जिवलग मैत्रीण हेमांगी सगळ्यांत पुढे. ती आत आली, एकदा नाकाने श्वास घेतला आणि म्हणाली, "काकू, केवढ्या उदबत्त्या लावल्यात!"

"हादगा आहे ना. देवाचं आहे," मी म्हटलं.

"हो ना," हेमांगी म्हणाली आणि मृणालकडे पाहून हसली. मुली काय, कशालाही हसतात.

फेर सुरू झाला. गाणी झाली. रेवती फेरात सगळ्यांच्या उलट दिशेला फिरत होती, पण आवाज तिचाच मोठा. शेवटचं गाणं संपलं तशा मुली धपाधप खाली बसल्या. मी आत गेले, डबा घेतला, पदराखाली धरला आणि राणीच्या थाटात बाहेर आले. डबा कानाशी नेऊन हलवला. सुपाऱ्या खडखडल्या.

"गोड का तिखट?" मुलींनी एका सुरात विचारलं.

"गोड."

"ओली का कोरडी?"

"कोरडीच म्हणायची."

"घारगे!" रेवती म्हणाली.

अंगणात एकदम शांतता झाली. मी आजवर अशी शांतता कुणी मेल्यावरच ऐकली होती.

मग हेमांगीने तिच्या डोक्यावर हलकी टपली मारली. "गप गं! काकूंची खिरापत कुणी असं पटकन ओळखतं का? काकू, बुंदीचे लाडू?"

"नाही," मी म्हटलं. तोंडातून आपोआप गेलं.

"रव्याचे लाडू?"

"नाही."

"बेसनाचे?"

"नाही."

"शंकरपाळे? करंजी? खोबऱ्याची वडी?"

मुली बेचा पाढा म्हणावा तशी नावं घेत होत्या. एकीचं संपलं की दुसरीचं. कुणी अडत नव्हतं, कुणी डोकं खाजवत नव्हतं, कुणी शेजारणीच्या कानात कुजबुजत नव्हतं. घोरपडे वहिनींच्या अंगणात याच पोरी एकमेकींच्या अंगावर चढून ओरडायच्या. इथे पालकसभेला बसल्यासारख्या बसल्या होत्या. मृणाल तर बोलतही नव्हती. ती रेवतीच्या मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि तो हात प्रेमाने ठेवलेला नव्हता.

"मला चिमटा काढतेय ताई!" रेवती ओरडली. "घारगेच आहेत. मला वास येतोय. भोपळ्याचा वास येतोय!"

"रेवती, तुला नाही कळत," मृणाल दातांवर दात ठेवून म्हणाली.

"मला कळतंय!" रेवतीचा खालचा ओठ पुढे आला. ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, तू सांग. घारगे आहेत ना?"

सगळ्या मुली माझ्याकडे पाहत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांचे चेहरे कधी नीट पाहिलेच नव्हते, मी डब्याकडे पाहत असायची. त्या चेहऱ्यांवर उत्सुकता नव्हती, काळजी होती. आजारी माणसाला तापाचा आकडा सांगावा की नाही, असा विचार करताना घरची माणसं जशी दिसतात, तशा त्या बाराजणी दिसत होत्या. त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि अजून काहीच कळलेलं नाही असं मी मनाला सांगत राहिले.

मला "नाही" म्हणता आलं असतं. डबा आत नेऊन दुसरं काही आणता आलं असतं, शेंगदाण्याचे लाडू होते घरात. पण समोर रेवती मान वर करून उभी होती आणि डोळ्यांत पाणी तरारलं होतं. तिने खरं सांगितलं होतं आणि बारा मोठ्या मुली तिला खोटं पाडत होत्या. त्यात तेरावी मी व्हायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

"बरोबर," मी म्हटलं. "घारगे."

डबा उघडला. रेवतीने अशी काही उडी मारली की पाटावरचा हत्ती पुसला. "मी ओळखलं! मी ओळखलं!" तिला उचलून घ्यावं, तिच्याबरोबर नाचावं, असं कुणालाच वाटलं नाही. बाकीच्या मुली गुन्हा घडल्यासारख्या मृणालकडे पाहत होत्या. मग हेमांगी पुढे आली, माझ्या हातातून घारगा घेतला आणि अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाली, "पण काकू, यंदा खूपच अवघड होतं हं. रेवतीने आपलं असंच ठोकून दिलं."

"हो हो," बाकीच्या म्हणाल्या. "असंच ठोकून दिलं."

अकरा-बारा वर्षांच्या पोरी माझं सांत्वन करत होत्या. आणि करतही किती बेताने होत्या!

मुली पांगल्यावर मी मोरीत ताटल्या घासायला बसले. मृणाल न सांगता फडकं घेऊन पुसायला आली. न सांगता काम करणारी मुलगी ही चांगली खूण नव्हे, हे मला माहीत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"मृणाल."

तिने एक ताटली पुसली, ती कोरडी झाल्यावरही पुसत राहिली. "पहिल्यापासूनच," ती म्हणाली. "म्हणजे मी पहिलीत होते तेव्हापासून."

"सगळ्यांना ओळखता यायची?"

"आई, तू जे आणायला पाठवतेस ते कधीच नसतं. मग आम्ही ते सोडून देतो. पोहे आणवलेस की गोड. साखर आणवलीस की तिखट. आणि सुपाऱ्यांचा आवाज सुपाऱ्यांसारखाच येतो गं."

"आणि घारगे?"

"हेमांगीने बाबांना विचारलं, काका, पिशवीत काय. बाबा म्हणाले, भोपळा."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. माझ्या घरात तर कोंबडंच दारोदार सांगत फिरत होतं.

"म्हणजे त्यांनाही माहीत होतं? तुम्ही मुद्दाम हरता हे?"

"बाबांना पहिल्यांदा माहीत झालं," ती म्हणाली. "मी त्यांनाच विचारलं होतं, हरलं तर चालतं का म्हणून."

मी हात धुतले. रागावायचं ठरवलं होतं. मला फसवलंत, माझी टिंगल केलीत, शेंडी लावलीत मला, असं बरंच बोलायचं होतं. त्याऐवजी विचारलं, "पण का गं?"

मृणालने ताटली खाली ठेवली. "त्या वर्षी रेवती झाली होती. तू सारखी रडायचीस. मी शाळेतून आले की तू झोपलेली असायचीस, नाहीतर रडत असायचीस. आजी म्हणायची, आईला त्रास द्यायचा नाही. मग आपल्याकडे हादगा आला. तू डबा घेऊन बाहेर आलीस, तो हलवलास आणि हसलीस. मला कळलं होतं आत काय आहे. साटोऱ्या होत्या. मी सांगणार होते. पण मग तू हसायची थांबली असतीस."

ती एवढंच म्हणाली आणि पुढची ताटली घेतली.

मला ते वर्ष आठवत होतं. माझ्या आठवणीत असं होतं की मी कुणाला काही कळू दिलं नव्हतं. तोंडावर पाणी मारून, पावडर लावून मी दार उघडायची. फार हुशारीने लपवलं, असं मला वाटत आलं होतं. मला भडभडून आलं, आणि सहावीतल्या मुलीसमोर रडण्याची लाजही वाटली. पहिलीतली मुलगी. एवढीशी. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, हिशेब केला आणि खिरापत गिळून टाकली. मी मात्र इतकी वर्षं समजत होते की ती सहावीत गेल्यावर मोठी झाली.

"आता तू का सांगितलंस बरोबर म्हणून?" मृणाल जरा चिडून म्हणाली. "सगळं बिघडवलंस. आता हिला कसं समजवायचं आम्ही?"

"नको समजवूस," मी म्हटलं. "तिला काही समजवायचं नाही. ऐकलंस? तिला ओळखू दे."

"बरं," मृणाल म्हणाली. ज्या स्वरात मी सासूबाईंना "बरं" म्हणायची, अगदी त्याच स्वरात.

बाहेर ओसरीवर हे रेवतीला मांडीवर घेऊन बसले होते आणि ती त्यांना सविस्तर सांगत होती, वास कसा आला, ताईने चिमटा कुठे काढला, सगळ्या कशा चुकल्या. मी दारात उभी राहून ऐकलं. मोठी गेली ती गेली, असं वाटलं. पण ही आहे. हिला अजून माझं तोंड वाचता येत नाही. हिच्यासमोर मी जिंकले तर खरी जिंकेन आणि हरले तर खरी हरेन. निदान चार-पाच वर्षं तरी. मला एकदम हलकं वाटलं. पुढच्या वर्षी काहीच लपवायचं नाही, भोपळा अंगणात ठेवायचा, असंही मी ठरवून टाकलं. मी ह्यांच्याकडे रागाने पाहिलं तर ते म्हणाले, "विचारलं म्हणून सांगितलं, भोपळा." या माणसाशी भांडण्यात काही अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी परसातला पेरू उतरवला. चांगला पिवळाधमक, पिकलेला. वासाने घर भरून गेलं होतं. हे जेवायला आले ते चपला काढतानाच म्हणाले, "वा, पेरू!" मी तो कापला, फोडींना तिखट-मीठही लावलं नाही, तसाच कालच्या डब्यात ठेवला आणि झाकण जरा तिरकंच लावलं. म्हणजे आंधळ्यालाही कळावं. मग रेवतीला हाक मारली.

ती परसातून आली. मुलींच्या शाळेला सुट्टी होती, दोघी तिथे सकाळपासून काहीतरी खेळत होत्या.

"ओळख बरं," मी म्हटलं. "डब्यात काय?"

तिने नाक वर केलं. नाकपुड्या फुलल्या. चेहरा असा काही उजळला की मला तिचा मुका घ्यावासा वाटला. तोंड उघडलं.

मग ती थांबली. तिने डब्याकडून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश. माझं तोंड, माझे डोळे, डब्यावरचे माझे हात. कालपर्यंत तिला असं पाहता येत नव्हतं.

"गोड का तिखट?" तिने विचारलं.

"गोड."

"शिरा?"

"नाही."

"लाडू?"

"नाही गं. नीट वास घे ना, बाळा. बघ, किती छान वास येतोय." मी अक्षरशः विनवत होते. झाकण आणखी सरकवलं. एक फोड चक्क दिसत होती.

तिने फोडीकडे पाहिलंच नाही. "चकली?"

"चकली गोड असते का?"

"मग हरले बाई मी," ती म्हणाली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझं कध्धीच ओळखता येत नाही, आई."

मागच्या दारात मृणाल उभी होती. विद्यार्थिनी पास झाल्यावर बाई मान डोलावतात तशी तिने मान डोलावली.

मी डबा उघडला. "अय्या, पेरू!" रेवती टाळ्या वाजवत ओरडली, आणि मी हसतेय ना, हे एकदा पाहून घेतलं. मी हसले. हसावंच लागलं. एवढ्या मेहनतीने हरलेल्या मुलीसमोर रडणं बरं दिसलं नसतं.

त्यानंतर कॉलनी सोडेपर्यंत माझी खिरापत एकदाही कुणाला ओळखता आली नाही.